शिकवण्या घेतल्याने गायकाचे स्वतःचे गाणे संपते का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २४ आहे, बारा वर्षांची तालीम झाली आहे, वर्षाकाठी सात-आठ कार्यक्रम मिळतात आणि तेवढ्यावर भागत नाही. शिकवण्या सुरू करण्याचा विचार आहे, परंतु एका ज्येष्ठ गायकांनी ‘शिकवायला बसलात की गाणे संपले’ असे बजावल्यामुळे तुमचा पाय अडखळला आहे. हेच वाक्य मला माझ्या थोरल्या गुरुभगिनीने ऐकवले होते, जवळजवळ तुमच्याच वयात, आणि पुढे जे घडले त्यामुळे काही महिने मलाही ते खरे वाटले होते. म्हणून हे उत्तर लिहीत आहे, आणि ते लांबणार आहे.

माझे मत आधीच सांगते. शिकवण्याने गाणे संपत नाही. आपल्याकडे शिकवण्याची जी रीत रूढ आहे, म्हणजे गुरूने गायचे, शिष्याने गायचे, पुन्हा गुरूने गायचे, ती दिवसातून सहा-सात तास चालवली तर गळा संपतो. मग लोक कार्यक्रमात बसलेला आवाज ऐकतात आणि दोष शिकवण्यांना देतात.

मी शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे सायंकाळी बारा मुलांचा एक वर्ग, त्यानंतर प्रौढांचा दुसरा आणि सकाळी चार-पाच स्वतंत्र शिकवण्या होत्या. माझी पट्टी, म्हणजे ज्या सुराला मी ‘सा’ धरते तो सूर, पेटीची काळी चार. प्रौढांमधले पुरुष काळी एकमध्ये गात, म्हणजे त्यांचा षड्ज (सा) हा माझा मध्यम (म). त्यांना तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, दाखवायचा तर मला दर वेळी माझ्या तार मध्यमापर्यंत चढावे लागे, आणि तो मी दिवसातून तीस-चाळीस वेळा, पूर्ण आवाजात, पेटी आणि तबल्याच्या वर ऐकू जाईल अशा बेताने लावत असे. मुलांच्या वर्गात तर बारा गळे एकदम चालत असल्याने मी गात होते की ओरडत होते, हे आज मलाच सांगता येणार नाही. एवढे झाल्यावर रात्री माझा स्वतःचा रियाज होई.

पहिली खूण मी ओळखली नाही. माझा तार षड्ज जोरात लागत होता, पण हलका लागेनासा झाला होता. हळुवार लावू गेले की आधी नुसती हवा येई, क्षणभराने सूर येई. कोणत्याही गायकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. गळ्यात बिघाड सुरू झाला की सर्वांत आधी जातात ते वरच्या सप्तकातले नाजूक सूर. मोठा आवाज बराच काळ टिकतो आणि तोच आपल्याला फसवतो. मी समजले की रियाज कमी पडतो आहे, आणि अर्धा तास वाढवला.

पुढे महिन्याभरात माझा एक कार्यक्रम होता. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल नीट झाला. द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, सुरू करून पहिल्या अंतऱ्याला तार षड्जावर गेले आणि आवाज दुभंगला; एक सूर आणि त्याच्याखाली एक खरखर, अशा दोन गोष्टी एकदम बाहेर आल्या. साथीच्या पेटीवाल्यांनी तो सूर लगेच भरून काढला, मी खाली उतरले आणि उरलेली बंदिश मध्य सप्तकात कशीबशी पुरी केली. पहिल्या रांगेत माझी गुरुभगिनी बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती आत आली, मला पाणी दिले आणि म्हणाली, “तुला मी सांगितलं होतं. शिकवण्या करणाऱ्यांनी मैफलीच्या मागे लागू नये.” तिने ते दुष्टपणाने म्हटले नव्हते. तिला खरोखर तसे वाटत होते, आणि म्हणूनच ते मला इतकी वर्षे बोचत राहिले.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासले. लुकलुकत्या प्रकाशाखाली स्वरतंतूंची हालचाल मंद झाल्यासारखी दिसते, त्यामुळे ते कुठे नीट मिटत नाहीत हे कळते. माझ्या दोन्ही स्वरतंतूंवर, पुढचा एक तृतीयांश भाग जिथे मधल्या भागाला मिळतो तिथे, समोरासमोर दोन लहान गाठी होत्या. तंतू एकमेकांवर सर्वांत जास्त आपटतात ती हीच जागा. डॉक्टरांनी विचारले, “दिवसात किती तास आवाज वापरता?” मी म्हणाले, “दीड-दोन तास गाते.” ते म्हणाले, “गाण्याचं नाही विचारलं. आवाज किती तास वापरता?” मी मोजू लागले, तेव्हा शिकवणे, बोलणे, ओरडणे आणि फोन धरून ती बेरीज आठ तासांच्या पुढे गेली.

या बेरजेचा अर्थ आकड्यांत सांगते, कारण मला तो तेव्हा कोणी सांगितला नव्हता. पांढरी सहाचा सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपने, याचाच अर्थ स्वरतंतू एका सेकंदात ४४० वेळा एकमेकांना भिडतात. त्या एका सुरावर दहा मिनिटे गायलात तर २,६४,००० वेळा. स्त्रीच्या स्वरतंतूंची लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर असते. एवढ्याशा जागेकडून आपण दिवसभर हे काम करून घेतो आणि रात्री रियाजाला बसतो.

शस्त्रक्रिया करावी लागली नाही. अशा गाठींवर बहुतेक वेळा आधी आवाजोपचारच करतात. मला दोन आठवडे मौन पाळायला सांगितले, आणि कुजबुजायचेही नाही अशी ताकीद दिली, कारण जोर लावून केलेल्या कुजबुजीनेही गळ्यावर ताण येतो. त्यानंतर चार महिने व्यायाम होते. नळीचे टोक पाण्यात बुडवून तिच्यातून सूर काढायचा आणि बुडबुडे एकसारखे येत राहतील इतकाच जोर लावायचा, हा त्यांतला पहिला. साधा दिसतो, पण ओठांशी वाट अरुंद झाल्याने मागे जो दाब राहतो, त्यामुळे स्वरतंतू कमी आपटून कंप पावतात. मी आजही दिवसाची सुरुवात त्यानेच करते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मौनाच्या त्या दोन आठवड्यांत शिकवण्या बंद ठेवणे मला परवडणारे नव्हते. म्हणून मी न बोलता, न गाता शिकवले. शेजारी एक पाटी ठेवली आणि तानपुरा लावून दिला. माझ्याकडे एक तरुण दोन वर्षे येत होता. त्याचा निषाद (नी) दर वेळी उतरत असे. मी दर वेळी निषाद गाऊन दाखवी, तो माझ्यामागून तेवढ्यापुरता बरा लावी आणि पुढच्या आवर्तनात पुन्हा उतरवी. त्या दिवशी गाऊन दाखवता येत नव्हते, म्हणून मी नुसती त्याच्याकडे पाहत बसले. धैवतावरून वर जाताना त्याची हनुवटी पुढे येऊन वर उचलली जात होती, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताठत होत्या, आणि त्याही आधी, श्वास घेतानाच, त्याचे खांदे कानांकडे जात होते. मी पाटीवर ‘खांदे’ एवढेच लिहिले आणि माझी हनुवटी बोटाने खाली आणून दाखवली. तिसऱ्या प्रयत्नात निषाद जागेवर बसला आणि तो स्वतःच दचकला. दोन वर्षे मी त्याला माझा सूर ऐकवत आले होते आणि त्याच्या सुराचे काय होते आहे, ते एकदाही पाहिले नव्हते.

गाठी बऱ्या होऊन मी रियाजाला परतले, तेव्हा हाच कान आणि हीच नजर स्वतःकडे वळली. माझा तार षड्ज फाटत होता तेव्हा माझीही हनुवटी उचललेलीच असे, हे मला जुन्या ध्वनिचित्रफितीत दिसले. पूर्वी अर्धा तास वाढवून जे साधत नव्हते, ते दहा मिनिटांच्या निगुतीच्या कामाने साधू लागले. माझे आजचे गाणे पूर्वीपेक्षा बरे आहे आणि त्याचे मोठे श्रेय मी त्या मुक्या पंधरवड्याला देते. माझ्या गुरुभगिनीला द्यायचे राहून गेलेले उत्तर हेच आहे.

शिकवतो तो गाण्यात कमी पडलेला असतो, हा समज पहिल्यापासूनच खोटा आहे. भास्करबुवा बखल्यांनी बालगंधर्वांना आणि मास्टर कृष्णरावांना शिकवले आणि स्वतः मैफलीही गाजवल्या. दुसरे उदाहरण युरोपातले गायक मॅन्युएल गार्सिया यांचे. ते १८२५ मध्ये वडिलांच्या मंडळीबरोबर न्यूयॉर्कला ऑपेरात गायले, पुढे रंगमंच सोडून शिक्षक झाले, आणि १८५४ मध्ये दोन आरसे व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने त्यांनी गाताना स्वतःचे स्वरतंतू पाहिले. माझ्या घशात जी दुर्बीण घातली गेली, तिच्यामागची वाट एका गाणे शिकवणाऱ्याने दाखवलेली आहे. त्यांच्याकडे १८४१ मध्ये जेनी लिंड ही तरुण गायिका अतिश्रमाने बिघडलेला आवाज घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला शिकवायला घेण्याआधी सहा आठवडे पूर्ण विश्रांती घ्यायला लावली. पुढे ती युरोपातली अत्यंत नावाजलेली गायिका झाली. ‘गाता येईना म्हणून शिकवतो’ असे कोणी म्हणाले की मला हा माणूस आठवतो.

तेव्हा तुम्ही शिकवण्या जरूर सुरू करा, पण विद्यार्थ्याबरोबर गाऊ नका. एकदा गाऊन दाखवा, मग थांबा आणि त्याला गाऊ द्या. तो गात असताना तुमचा आवाज बंद असला पाहिजे. त्याला आधार द्यायला पेटी आणि तानपुरा आहेत. त्याच्या पट्टीत पूर्ण आवाज लावण्याऐवजी तुमच्या पट्टीत स्वरवाक्य दाखवा आणि त्याला त्याच्या पट्टीत आणायला सांगा. आठवडाभर अडखळेल, मग त्याचा कान तयार होईल. समूहाला शिकवताना ध्वनिक्षेपक वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. स्वतःचा रियाज पहिला विद्यार्थी येण्यापूर्वी उरका, कारण शेवटचा विद्यार्थी गेल्यावर उरतो तो थकलेला गळा. कार्यक्रमाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्ग ठेवू नका, मग पालक काहीही म्हणोत. सुरुवातीला दिवसाला तीन तासांच्या वर जाऊ नका.

आणि स्वरयंत्र कसे चालते याचा अभ्यास केल्याशिवाय कोणाच्या गळ्याला हात घालू नका. बारा वर्षांची तालीम झाली म्हणजे तुम्हाला तुमचा गळा ठाऊक झाला. समोरच्याचा गळा निराळा असतो. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला त्याच्या जुन्या पट्टीत रेटणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात क्षमा नाही. त्या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढत असते, गाणे बंद करायचे नसते, पट्टी मात्र दर थोड्या दिवसांनी तपासून त्याला जे सहज जमते तेवढेच घ्यायचे असते.

पैशांविषयी थोडक्यात सांगते: शुल्क महिन्याच्या सुरुवातीला घ्या आणि चुकलेल्या तासांचा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या. कार्यक्रम वाढवण्यासाठी कापाकापी न केलेले वीस मिनिटांचे एक चांगले ध्वनिमुद्रण जवळ ठेवा आणि साथीदारांचे मानधन वेळेवर द्या, कारण गायकाचे नाव पुढे नेणाऱ्यांत साथीदार मोठे असतात.

माझ्या गुरुभगिनीच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती, ती कबूल करते. गळा कितीही जपला तरी सहा तास शिकवून झाल्यावर रियाजाला लागणारी मनाची ताजेपणाची पुंजी उरत नाही, आणि ज्यांना दुसऱ्याचा सूर ऐकण्याचा कंटाळा येतो त्यांनी केवळ उत्पन्नासाठी शिकवू नये. त्यात विद्यार्थ्याचे आणि त्यांचे दोघांचेही नुकसान आहे. शिवाय हे सर्व माझ्या एका गळ्याच्या अनुभवावरून लिहिले आहे. तुमचा आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर हे उत्तर पुन्हा वाचत बसू नका, तज्ज्ञाकडे जा.

खरे तर त्याच्याही आधी, पहिला विद्यार्थी घेण्यापूर्वीच, आवाज ठणठणीत असताना एकदा दुर्बिणीने तपासणी करून तिचे चित्रण जवळ ठेवा. मला डॉक्टरांनी विचारले होते की तुमचे स्वरतंतू पूर्वी कसे दिसत होते, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हते.