आरव्हीत इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवून घेण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की वापरलेला, ३० अँपचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आरव्हीचाच एक प्रकार) घेताय, टीव्हीखालचं कपाट काढून तिथे इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवून मिळतेय, तर त्यामुळे थंडीत प्रोपेन (सिलिंडरमधला गॅस) वाचेल का, की तो नुसताच देखावा आहे.

प्रोपेन वाचेल. देखावाही आहे. पण निव्वळ ऊब हवी म्हणून जादा पैसे मोजणार असाल तर मोजू नका. आरव्हीत बसणाऱ्या जवळजवळ सगळ्या फायरप्लेस १२० व्होल्टवर १५०० वॅटच्या असतात. १५०० वॅट म्हणजे तासाला साधारण ५,१०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). टेबलाखाली सरकवता येईल असा छोटा सिरॅमिक हीटरही १५०० वॅटचाच असतो आणि तोही बरोबर तेवढीच उष्णता देतो. महागड्या काचेआड बसवल्याने वीज काही जास्त गरम होत नाही. खोक्यावर 'चारशे चौरस फूट तापवते' असं लिहिलेलं असतं, ते नीट बांधलेल्या घरातल्या खोलीला धरून, तेही पूरक ऊब म्हणून. ट्रेलरच्या भिंती दीड-दोन इंचाच्या, खिडक्या बहुधा एकेरी काचेच्या, आणि खालून वारा. तिथे हा हिशेब लागू नाही.

म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते ज्वाळांचे. आत डोकावून बघाल तर हसू येईल. खाली एलईडीची पट्टी, तिच्यामागे एक आडवा दांडा, त्याला चकचकीत पत्र्याचे वेडेवाकडे तुकडे लावलेले. एक चिमुकली मोटर तो दांडा सावकाश फिरवते, प्रकाश तुकड्यांवरून उडून मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला जाळ दिसतो. पुढची लाकडं प्लास्टिकची, आतून लाल उजळणारी. उष्णता येते ती वेगळ्याच जागेतून, पंखा आणि तापणारी कॉइल यांच्याकडून. त्यामुळे उष्णता बंद ठेवून नुसता जाळ लावता येतो. पावसाळी संध्याकाळी बाहेर बसता येत नाही तेव्हा त्या एवढ्याशा जागेत हा जाळ बरा वाटतो, हे मी नाकारणार नाही. आमच्याकडे तर उन्हाळ्यातसुद्धा एसी चालू ठेवून समोर हा जाळ लावला जातो. यात मी पडत नाही.

आता खरा मुद्दा, वीज. ३० अँपची जोडणी म्हणजे १२० व्होल्ट गुणिले ३०, सगळे मिळून ३,६०० वॅट. ५० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा येतात आणि प्रत्येकीवर ५० अँप मिळतात, म्हणजे १२,००० वॅट. नुसते आकडे बघून लोकांना वाटतं ५० म्हणजे ३० च्या पावणेदोनपट, प्रत्यक्षात ते तिपटीहून जास्त आहे. मोठ्या फिफ्थ व्हीलवाले (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायचे मोठे ट्रेलर असणारे) 'आम्ही दिवसभर लावतो, काही होत नाही' म्हणतात ते यामुळे. त्यांचा अनुभव तुमच्या ट्रेलरला चालणार नाही.

तुमच्याकडे एकटी फायरप्लेस साडेबारा अँप खाणार. पाण्याचा हीटर विजेवर ठेवलात तर त्याचे जवळपास बारा. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर आणि फ्रीज मिळून आणखी थोडे. इथेच तुम्ही काठावर आलात, आणि एवढ्यात कोणीतरी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावतं, त्याचे बारा-तेरा. मुख्य ब्रेकर पडतो. गंमत अशी की आत अंधार होत नाही, कारण दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर असतात. फ्रीज गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणारा असेल तर तो गुपचूप गॅसवर जातो. मायक्रोवेव्ह थांबतो आणि फायरप्लेस काळी पडते. मायक्रोवेव्हपाशी कोणी नसेल तर कळायला वेळ लागतो, आणि रात्रीची वेळ असेल तर गारठून जाग आल्यावरच कळतं.

ब्रेकर पडला तर पडू दे, तो त्याचं काम करतो. मला जास्त धास्ती वाटते ती ब्रेकर न पडता तासन्‌तास २५-२६ अँप ओढले जाण्याची. सतत चालणाऱ्या भारासाठी ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच जावं असा विजेच्या कामातला दंडक आहे, म्हणजे ३० अँपवर २४. कॅम्पग्राउंडच्या खांबावरचं सॉकेट शेकडो लोकांनी खुपसून-उपसून ढिलं झालेलं असतं. ढिल्या जोडणीत वीज गेली की ती जागाच तापते. मायक्रोवेव्ह पाच मिनिटांत बंद होतो, एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, पण थंडीच्या रात्रीची फायरप्लेस थांबतच नाही. सकाळी प्लग उपसून बघावा. पिन तांबूस-तपकिरी झाली असेल, तिच्या मुळाशी प्लास्टिक थोडं फुगून चकाकत असेल, तर तो प्लग संपला, बदलायचा. रात्री झोपण्याआधी बाहेर जाऊन प्लगला हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट असला तर ठीक, हात ठेववत नसेल तर भार कमी करायचा.

याच कारणासाठी बहुतेक फायरप्लेसमध्ये असलेली ७५० वॅटची पायरी मला जास्त उपयोगाची वाटते. सव्वासहा अँप, उष्णता निम्मी, पण रात्रभर निर्धास्त. मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटर यांचं वेळापत्रक मनात ठेवायला लागत नाही.

व्होल्टेजचंही एक आहे. कडाक्याच्या थंडीत सगळं कॅम्पग्राउंड हीटर लावून बसलेलं असतं, आणि १२० च्या जागी १०८ व्होल्ट येणं काही नवलाचं नाही. अशा वेळी १५०० वॅटची कॉइल बाराशेच्या आसपासच देते, कारण व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की उष्णता एकोणीस टक्क्यांनी पडते. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच ती मंद.

आता प्रोपेन किती वाचेल ते बघू. एका अमेरिकन गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात. आरव्हीच्या फर्नेसमध्ये (गॅसवर हवा तापवणाऱ्या यंत्रात) त्यातला पाव भाग धुराड्यातून बाहेर जातो असं धरा, उरलेली उष्णता विजेच्या साधारण २० युनिटांएवढी भरते. तेव्हा तुमच्याकडचा एका गॅलनचा भाव घ्या आणि २० युनिटांच्या भावाशी ताडून बघा, स्वस्त काय ते लगेच कळेल. एक-दोन रात्रींच्या मुक्कामात वीज भाड्यातच धरलेली असते, तिथे अर्थातच फायरप्लेस लावा आणि सिलिंडर राखून ठेवा. महिन्याच्या मुक्कामाला मात्र बहुधा वेगळा मीटर असतो. पूर्ण क्षमतेने दिवसाचे बारा तास लावलीत तर रोजचे १८ युनिट. पहिलं बिल आल्यावर तो जाळ थोडा कमी सुंदर दिसतो.

वीज नसलेल्या जागी मुक्काम करायचा असेल तर विषयच मिटला. १०० अँप-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी इन्व्हर्टरमधली घट धरून फायरप्लेस पाऊण तास चालेल. त्या पाऊण तासात बारा व्होल्टच्या तारांमधून सव्वाशे-दीडशे अँप वाहणार, तेही जाड केबल असेल तर. हातात उचलून नेता येणारा २,००० वॅटचा जनरेटर सलग सुमारे १,६०० वॅटच देतो, म्हणजे फायरप्लेस लावली की बाकी सगळं बंद, आणि जनरेटरची घरघर ऐकत बसायचं. अशा जागी गॅसवरची फर्नेसच.

आणि फर्नेसवरून आठवलं, हे मात्र नीट वाचा. फर्नेस फक्त तुम्हाला तापवत नाही. अनेक ट्रेलरमध्ये तिच्या गरम हवेची एक वाट जमिनीखालच्या बंदिस्त पोकळीत जाते, जिथे पाण्याच्या टाक्या आणि नळ असतात. फायरप्लेसची ऊब तिथे पोचत नाही. शिवाय फर्नेसचा थर्मोस्टॅट बहुधा बसायच्या जागेतच, फायरप्लेसपासून चार-सहा फुटांवर असतो. तुम्ही फायरप्लेस जोरात लावलीत की थर्मोस्टॅटला वाटतं घर उबदार आहे, तो फर्नेसला उठवतच नाही. वर तुम्ही मोजे काढून आरामात बसलेले, आणि खाली नळ गोठतोय. झोपायच्या खोलीचं दार लावलेलं असेल तर तीही गार. पारा शून्याच्या खाली जाणार असेल त्या रात्री फायरप्लेस ७५० वर किंवा बंद ठेवा, आणि फर्नेसला मुख्य काम करू द्या. टाक्यांना विजेवर तापणारे पॅड लावलेले असतील तर थोडी मोकळीक मिळते, पण नळांना ते पॅड बहुधा नसतात हे लक्षात ठेवा. ३०,००० बीटीयूची फर्नेस आत साधारण साडेबावीस-चोवीस हजार सोडते, फायरप्लेस ५,१००. बाहेर बर्फ असताना या दोघींची बरोबरी होत नाही.

मग ती कधी चांगली? बाहेर पाच-दहा अंश सेल्सियस असताना. पहाटेची बोचरी थंडी, संध्याकाळचा गारवा, फर्नेस लावावी एवढं काही नाही पण स्वेटरही पुरत नाही, अशा वेळी ती फार छान काम करते. फर्नेस धडधडत सुरू होते, सगळ्यांना जागं करते, खोली भरकन तापवते आणि बंद पडते, मग पुन्हा तेच. फायरप्लेसची ऊब एकसारखी असते, पंख्याचा आवाजही हलका. मात्र तुमच्या छतावरच्या एसीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी सोय) असेल तर आधी तो वापरून बघा. तेवढ्याच विजेत तो दोन-अडीचपट उष्णता देतो, फक्त बाहेर चार-पाच अंशांच्या खाली गेलं की दमतो.

ओलसरपणाबद्दल गैरसमज बरेच आहेत. फायरप्लेस हवेत बाष्प सोडत नाही, कार्बन मोनॉक्साइडही नाही. धुराडं नसलेल्या गॅस हीटरपेक्षा ती या दोन्ही बाबतींत कितीतरी बरी. पण ती बाष्प कमीही करत नाही. आपण श्वास घेतो, स्वयंपाक करतो, त्याचं पाणी खिडक्यांवर आणि गादीखाली जमतंच. छतावरची झडप बोटभर उघडी ठेवावी, थोडी ऊब गेली तर जाऊ द्यावी.

बसवून घ्यायचीच ठरली, तर गरम हवा कुठून बाहेर पडते ते आधी विचारा. काहींची वरच्या कडेने येते आणि थेट टीव्हीच्या पोटाला लागते. टीव्हीखाली लावायची तर समोरून किंवा खालून हवा सोडणारी घ्या. स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) आत ओढल्यावर फायरप्लेससमोर सोफा येत असेल तर वाटेत थांबलात तरी लावायची नाही, समोर निदान तीन फूट मोकळे हवेत. बाजूचे स्क्रू पातळ प्लायमध्ये नाही, आतल्या लाकडी पट्टीत जायला हवेत. रस्त्यावर ट्रेलर सतत हादरत असतो, घरासाठी बनवलेली फायरप्लेस त्यात आधी खुळखुळायला लागते, मग तो आरशांचा दांडा जागेवरून सुटतो आणि जाळ एका कोपऱ्यातच नाचतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती कुठल्या ब्रेकरवर जोडणार हे विचारा. जुन्या ट्रेलरमध्ये टीव्हीमागचं सॉकेट बहुधा १५ अँपच्या ब्रेकरवर असतं, आणि त्यावर स्वयंपाकघरातली किंवा बाहेरची सॉकेटंही असतात. साडेबारा अँप तिथे रात्रभर ओढायचे नाहीत. पॅनेलपासून वेगळी तार आणि २० अँपचा स्वतंत्र ब्रेकर हवा, एक्स्टेन्शन कॉर्ड तर अजिबात नको. 'आहे त्याच सॉकेटला लावून देतो' असं उत्तर आलं तर कपाट आहे तसं राहू द्या आणि छोटा सिरॅमिक हीटर घ्या. त्यालाही स्वतंत्र सॉकेट बघून ७५० वरच चालवा, आणि ज्वाळाच हव्या असतील तर टीव्ही आहेच, त्यावर शेकोटीचा व्हिडिओ लावता येतो.