हिरण्यकशिपू आणि अण्णा नाईक, दोन्ही घरांत धाक बापाचाच

‘इतक्यात पाहिलेला अ‍ॅनिमेशनपट कोणता, भुताखेतांची मालिका कोणती, आणि खरं सांगा, कसे वाटले?’ असं तुम्ही विचारलंय. चित्रपट ‘महावतार नरसिंह’, मालिका ‘रात्रीस खेळ चाले’. चित्रपटाचा शेवटचा भाग जबरदस्त, मधला कंटाळवाणा. मालिकेचा दुसरा भाग, म्हणजे सीझन, फार आवडला, पहिला बरा, तिसरा नसता तरी चाललं असतं. मालिकेतलं थोडंफार पुढे फुटणार आहे, तेव्हा जपून वाचा.

आधी चित्रपट. अश्विन कुमार दिग्दर्शक, आणि सादर करणारे होंबाळे फिल्म्स, म्हणजे ‘केजीएफ’ आणि ‘कांतारा’वाले. २०२५ च्या जुलैत तो पाच भाषांत लागला: हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मलयाळम. मराठी नाही. बेळगावात त्याचं कुणाला विशेष वाटत नाही, आमच्याकडे भांडण होतं ते हिंदी की कन्नड यावरून. बहिणीला हिंदी हवा होता. भाचा शाळेत कन्नड शिकतो, त्यानं कन्नडचा हट्ट धरला आणि तोच जिंकला. बरं झालं. राक्षसांच्या तोंडी ते भारदस्त कन्नड ऐकायला मजा येते, आणि एखादा शब्द अडला की भाचा मोठ्या ऐटीत अर्थ सांगायचा.

गोष्ट थेट खांबापासून सुरू होत नाही, हे मला आवडलं. कश्यप आणि दिती, संध्याकाळची अवेळ, मग हिरण्याक्ष पृथ्वीला बुडवतो, वराह तिला वर काढतो, आणि भावाच्या मरणानं पेटलेला हिरण्यकशिपू तपाला बसतो. माझ्या एका मित्राची तक्रार होती की नरसिंहाच्या सिनेमात वराहावर एवढा वेळ कशाला घालवला. त्याला म्हटलं, खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला जाऊन ये. तिथल्या भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह आणि एकात नरसिंह. गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात बांधलेलं देऊळ ते. त्याच्याही कितीतरी आधी हलशी म्हणजे पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. आज तिथे शेतं आणि शांतता. दोन भावांना मारणारे दोन अवतार एकमेकांकडे बघत बसलेत, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याला सिनेमाचा पहिला अर्धा तास फुकट गेल्यासारखा वाटायचा नाही.

आता खोट काढतो. माणसांचे चेहरे लाकडी आहेत. कॉम्प्युटर गेममध्ये दोन मारामाऱ्यांच्या मधे पात्रं उभी राहून बोलतात, तसे आश्रमातले प्रसंग दिसतात. ओठ एकीकडे, शब्द एकीकडे. प्रह्लादाच्या आईचं, कयाधूचं दुःख असं नुसतं संवादांतून कळतं, चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. गाणी आली की भाचा पॉपकॉर्नमध्ये हात घालायचा, यावरून काय ते समजा.

पण खांब फुटतो तिथून पुढे मी खुर्चीच्या टोकावर. पुढे काय होणार हे थिएटरातल्या शेंबड्या पोराला माहीत. ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना माणूस ना जनावर, ना शस्त्रानं ना अस्त्रानं. वराची ही यादी आपल्याला आजीनं पाठ करून घेतलेली असते. तरी अंगावर काटा येतो, कारण इथे घाई केलेली नाही. हिरण्यकशिपू लढतो, नीट लढतो, आणि तो लढतोय म्हणूनच समोरच्याची ताकद कळते. देवाला इतकं रागावलेलं दाखवायला धाडस लागतं. कॅलेंडरवरच्या नरसिंहाला आपण इतके सरावलोय की तो मुळात भीतिदायक आहे हेच विसरलोय. मागच्या रांगेतल्या एक आजी हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारचा कॉलेजचा पोरगा शिट्ट्या मारत होता. दोघांनाही कुणी गप्प बस म्हटलं नाही.

तरी मला खरी भीती वाटली ती त्याच्या आधी. बाप सिंहासनावर बसून शांत आवाजात पोराला मारायचा हुकूम देतो. एक उपाय फसला की दुसरा, तो फसला की तिसरा, जणू कचेरीतलं एखादं काम हातावेगळं करायचंय. राक्षसाची शिंगं आणि गदा यांच्यापेक्षा तो शांतपणा अंगावर येतो. भाच्यानं तिथेच विचारलं, “मामा, तो त्याचाच बाप हाय नव्हं? मग असं का करायलाय?” काय सांगणार? पुढे बघ म्हटलं.

कन्नड मुलखात हिरण्यकशिपू म्हटलं की जुन्या लोकांना अजून कन्नड सिनेमातले डॉ. राजकुमारच आठवतात. १९८३ च्या ‘भक्त प्रह्लाद’मध्ये बाप राजकुमार आणि प्रह्लाद त्यांचाच धाकटा मुलगा, म्हणजे पुढे पुनीत राजकुमार झाला तो. खरे बापलेक समोरासमोर उभे असल्यानं त्यातल्या रागाला एक वेगळीच धार आहे. बाप चिडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत लेकाचं कौतुकही लपत नाही. अ‍ॅनिमेशनला अजून ते जमलेलं नाही. खांब फोडणं जमलं, बापाचा चेहरा नाही.

आणि याच कारणानं मालिका मला वरचढ वाटली. ‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर लागायची तेव्हा मी तुकड्यातुकड्यानं पाहिली होती, या खेपेला मोबाईलवर सलग पाहिली. पहिला भाग २०१६ चा. अण्णा नाईक मरतात, पोरंसुना वाड्यावर जमतात आणि चित्रविचित्र घडायला लागतं. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं. आमच्याकडून आंबोली घाट उतरला की तोच मुलूख, तोच पाऊस, तीच चिऱ्याची घरं. मालवणी कानावर पडलेली असते, त्यामुळे खानापूर-चंदगडकडच्या माणसाला संवाद समजायला काही अडत नाही. पांडूच्या बोलण्यावर तर आमचं घर लोळून हसायचं. तो पांडू साकारणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही आहेत, हे मला फार उशिरा कळलं. बघा, इथेही एक प्रल्हाद.

पहिल्या भागात दार करकरतं, सावली सरकते, कुणीतरी किंचाळतं आणि त्या दिवसाचा एपिसोड संपतो. रोजच्या मालिकेची ती गरज असेल, पण सलग बघताना युक्ती कळून चुकते. दहाव्यांदा सावली सरकली की आपण चहा टाकायला उठतो.

दुसरा भाग २०१९ चा, आणि तो मागे जातो. अण्णा जिवंत आहेत. माधव अभ्यंकरांनी असा माणूस उभा केलाय की भुताची गरजच उरत नाही. चपलांचा आवाज आला की वाडा गप्प होतो. जमीन त्यांची, गाव त्यांच्या मुठीत, बाईवर नजर गेली तरी बोलायची कुणाची छाती नाही. शेवंताचं आणि त्यांचं प्रकरण लोकांनी चवीनं पाहिलं, अपूर्वा नेमळेकर त्या भूमिकेनं घराघरांत पोचली. मी मात्र माईंसाठी थांबायचो. शकुंतला नरे यांची माई नवऱ्याचं सगळं जाणते आणि तरी त्याच घरात चूल पेटवते, पोरं सांभाळते, तोंड दाबून राहते, आणि मधेच कधीतरी अशी काही बोलते की अण्णांचीही नजर खाली जाते. माझी आई भुताचं काही बघत नाही, देवाचं नाव घेऊन उठून जाते. हे मात्र बसून पाहिलं. म्हणाली, “भूत कुठलं रे, ह्यो जित्ता असतानाच घर खायलाय की.”

मालिकेबद्दल याहून नेमकं मला काही सुचत नाही. तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परततात, आणि तिथेच धाक संपतो. भुताला नियम असतात, अंगारा असतो, उतारा असतो. जिवंत अण्णांवर गावात उतारा नव्हता.

मालिका सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते अशी ओरड झाली होती. पहिल्या भागाबद्दल ती थोडी पटते. दुसऱ्या भागाबद्दल नाही पटत, कारण तिथे पाप माणसाचं आहे आणि ते उघड माणसाच्या नावावर मांडलंय. असे अण्णा घाटावरही होते. आमच्या तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारा, वाड्यांची नावं सांगतील. मी इथे लिहीत नाही.

तुम्हाला बघायचं असेल तर नरसिंह मोठ्यात मोठ्या पडद्यावर बघा, मोबाईलवर त्यातली अर्धी मजा जाते. मालिकेचा दुसरा भाग आधी बघितला तरी काही बिघडत नाही, आवडला तर पहिल्याकडे वळा.

महावतारवाल्यांनी पुढचा चित्रपट परशुरामावर, २०२७ साली, जाहीर केलाय. म्हणजे पुन्हा बाप, पुन्हा हुकूम, आणि या वेळी मारायचंय आईला. ती आई रेणुका, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली सौंदत्तीची यल्लम्मा. इथल्या लाखो लोकांची ती घरची देवी आहे, परशुराम कळतो तो तिचा लेक म्हणून. तेव्हा परशू किती चकाकतो आणि लढाया किती मोठ्या आहेत याचं मला फारसं पडलेलं नाही. कयाधूसारखीच रेणुकाही चार संवादांत गुंडाळली, तर थिएटरात आमच्याकडच्या बायका काय बोलतील ते ऐकायला मी पहिल्याच दिवशी जाणार आहे, तेही कन्नडमधूनच.