बाबांचा फोन अजून वाजतो

ताई,
मी इंदूरची, वय ३१. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध. धाकट्या भावाला, तो २४ चा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या शाळाप्रवेशासाठी सुरू झालेली बाबांची धावपळ पुढे दुसऱ्यांच्या मुलांसाठी शेवटपर्यंत चालली. आई त्यांचा मोबाईल अजून रोज चार्जिंगला लावते. पालकांचे फोन येतात, मी घेते. परवा एका आईवर ओरडले, "ते नाहीत आता, किती वेळा सांगू?" मग रात्रभर झोप नाही. पुण्याचा दादा म्हणतो, सिम बंद करा. काका हॉल घेऊन बाबांच्या नावानं पुरस्कार देणार आहेत. उठावन्यात, म्हणजे बाबा गेल्यावरच्या शोकसभेत, सगळे "देवमाणूस होते" म्हणत होते. मला ते ऐकवेना. मी वाईट मुलगी आहे का?

प्रिय मुली,

तुझं नऊ पानी पत्र इथे थोडक्यातच दिलंय. वाईट कसली, दमली आहेस. नोकरी, आई, भाऊ, आणि वर दिवसभर बाबांच्या वतीनं उत्तरं द्यायची.

"देवमाणूस" मलाही खटकतं. देवाला मेजरिंग टेप लागत नाही. तूच लिहिलंयस, एका शाळेनं रॅम्पच्या उद्घाटनाला बोलावलं, तर बाबांनी शर्टाच्या खिशातून टेप काढली. नारळ फुटायच्या आत म्हणाले, "एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. हा पाच फुटांत संपलाय. यावरून पोरगं फक्त घसरेल." मुख्याध्यापक महिनाभर फुगून होते, पण रॅम्प तोडून पुन्हा बांधला. त्याच टेपनं त्यांनी घरातल्या स्वयंपाकघराचं दार मोजलं आणि चौकट रुंद करून घेतली, कारण सकाळी पोहे होताना धाकट्याची व्हीलचेअर ओट्याशी यायला हवी. पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरायचं काम त्याचं. हे उठावन्यात कोण सांगणार? ते तुमच्या चौघांशिवाय कुणी पाहिलंच नाही.

काकांना कार्यक्रम करू दे. माणसं गेली की भाऊबंदांना काहीतरी उभं करावंसं वाटतं. फक्त हॉल ठरण्याआधी टेप घेऊन जा. मंचावर धाकट्याची व्हीलचेअर चढत नसेल तर हॉल बदला म्हणून भांड. तिथे भांडलेलं चालेल.

सिम आत्ता बंद नको. बँकेचे, पेन्शनचे ओटीपी त्याच नंबरावर येत असतील, ते आधी आईच्या नंबरावर आणा. आणि बाबा सरकारी नोकरीतले, तेव्हा आईनंतर धाकट्याच्या फॅमिली पेन्शनचा प्रश्न येणार. त्याचं दिव्यांगत्व पेन्शनच्या कागदांत नोंदलंय का, हे आई असतानाच तपासा. दुसऱ्यांचे फॉर्म भरणाऱ्यांचे स्वतःच्या घरचे कागद कधीकधी कपाटातच राहतात.

आता तुझ्या पत्राबद्दल एक सांगते, रागावू नकोस. आई काय म्हणते, दादा काय म्हणतो, काका काय म्हणतात, सगळं आहे. धाकटा काय म्हणतो ते नाही. नऊ पानांत एकदाही नाही. त्याचेही बाबा गेलेत. त्याचं बोलणं सावकाश आहे, परक्याला पटकन कळत नाही, पण व्हॉट्सअॅपवर तो सगळं टाइप करतो, हेही तूच लिहिलंस. मग फोनचं काय करायचं हे दादाला पुण्यात विचारायच्या आधी शेजारच्या खोलीत विचारायला हवं होतं.

येणारे बहुतेक फोन एकाच गोष्टीचे असणार, शाळा घेत नाही. त्याचं उत्तर बाबांना पाठ होतं: २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शाळेकडून नकार लेखी मागा, आणि ऐकत नसतील तर मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईत अर्ज द्या. एवढं एका मेसेजमध्ये मावतं. हा मेसेज धाकटा लिहू शकतो, पाठवूही शकतो. शाळेच्या दारातून परत पाठवलं जाणं काय असतं, ते त्या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? अर्थात त्याला हवं असेल तर. "नको" म्हणाला तर नको. मग जी पालकमंडळी बाबांबरोबर धावून तयार झाली आहेत, त्यांतल्या दोघातिघांचे नंबर, त्यांना विचारून, त्या मेसेजमध्ये टाक.

आणखी एक चौकशी कर. मूल १८ चं झालं की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. धाकट्याला व्यवहार कळतात, तो स्वतः सही करतो, तर पालक नेमायची गरजच नाही. एरवी सेरेब्रल पाल्सीसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची समिती असते, तिच्याकडे अर्ज करता येतो. यातलं काय लागू आहे, हे त्याला बाजूला बसवून ठरवा.

जिच्यावर ओरडलीस तिचा नंबर कॉल लिस्टमध्ये असेल. आज संध्याकाळी लाव. माफी दोन वाक्यांत माग आणि मुलाचं नाव विचार.

तुझी,
ताई