स्लाइड काढून घेतल्या तर मी बोलू काय?

"मॅडम, मला स्टेजची भीती आहे. काहीतरी उपाय सांगा." खुर्चीत नीट बसायच्या आतच ती बोलून मोकळी झाली. वय २९. एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात सहा वर्षं नोकरी. दर महिन्याला वरिष्ठांसमोर २० मिनिटांचं प्रेझेंटेशन करायचं, आणि त्याआधीचे दोन दिवस झोप नाही. मी "तुम्ही" म्हणत होते, तर म्हणाली, "मला तू म्हणा, नाहीतर अजून टेन्शन येईल." (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायला तिची संमती आहे.)

आदल्या आठवड्यात काय झालं ते तिने सांगितलं. ४१ स्लाइड होत्या. नवव्या स्लाइडवर एक वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "हे आम्ही वाचतोच आहोत. तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण तिच्या डोक्यात एकदम अंधार झाला. उरलेल्या स्लाइड तिने भराभर पुढे सरकवल्या आणि ती खाली बसली.

अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. बहुतेक जण "मला बोलता येत नाही" असं म्हणत येतात. मी त्यांना पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन यायला सांगते, कारण भीती कुठे लपली आहे ते बऱ्याचदा स्लाइडवरच दिसतं.

दुसऱ्या भेटीत तिने मला पहिल्या पाच स्लाइड सादर करून दाखवल्या. दुसऱ्याच मिनिटाला ती माझ्याकडे जवळजवळ पाठ करून उभी होती. पडद्यावर पूर्ण वाक्यं लिहिलेली, आणि ती तीच वाक्यं मोठ्याने वाचत होती. एका स्लाइडवर १२ ओळी आणि ७ रकान्यांचा तक्ता होता. म्हणजे ८४ आकडे.

मी लॅपटॉप मिटवला. "या तिमाहीत काय बिघडलं, ते मला सांग. मला तुझ्या कारखान्यातलं काही कळत नाही असं समज."

ती क्षणभर थांबली आणि मग बोलायला लागली. पाकिटांची तोंडं नीट बंद होत नव्हती, त्यामुळे आतली पावडर सांडत होती. सगळ्यांचा संशय पाकिटाच्या कागदावर होता, पण तिने यंत्रागणिक तक्रारी वेगळ्या करून पाहिल्या तेव्हा चारपैकी एकाच यंत्राची पाकिटं सांडत असल्याचं निघालं. सांगताना हात हलत होते, आवाज वर-खाली होत होता, डोळे माझ्यावर होते. तीन-चार मिनिटं ती न अडखळता बोलली.

"तुला बोलता येतं," मी म्हणाले. "मग ही वाक्यं कुणासाठी लिहिली आहेस?"

उत्तराला वेळ लागला. "माझ्यासाठी."

मग मूळ गोष्ट बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी बैठकीत तिला एक आकडा विचारला गेला. तो तिला आठवला नाही, आणि कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून तिने प्रत्येक आकडा पडद्यावर ठेवायला सुरुवात केली. आधी १५ स्लाइड असायच्या, मग २५ झाल्या, मग ४१.

चिंतेवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये ही कल्पना नीट मांडली. भीती वाटते म्हणून आपण एखादा आधार धरतो. काही वाईट घडलं नाही की त्याचं श्रेय त्या आधाराला देतो, आणि आधाराशिवायही निभावलं असतं हे कधी कळतच नाही. म्हणून भीती तशीच राहते आणि आधार वाढत जातो. तिच्या बाबतीत तर आधारानेच घात केला होता. शब्द-आकड्यांच्या ज्या गर्दीमागे ती लपत होती, तिच्यामुळेच समोरच्यांचं लक्ष उडत होतं.

लक्ष का उडतं, हे तिला कळणं मला गरजेचं वाटलं. नुसतं "मजकूर कमी कर" म्हटलं असतं तर तिने ती शिक्षा मानली असती. माणूस वाचत असताना आतल्या आत शब्द उच्चारत असतो. त्याच वेळी कानावर दुसरं बोलणं आलं की दोन्हींची टक्कर होते. आणि तेच शब्द कानावर आले तर तो वाचून आधीच पुढे गेलेला असतो आणि बोलणारा मागे राहतो. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शिकण्यावर बरेच प्रयोग केले. चित्र आणि बोलणं यांची जोडी चांगली चालते, पण त्यात तेच बोलणं पुन्हा पडद्यावर लिहून दिलं तर समज सहसा घटते, असं त्यांना आढळलं. ज्यांना कमी ऐकू येतं किंवा ज्यांना ती भाषा नवी आहे, त्यांना मात्र मजकुराची मदत होते. ८४ आकड्यांबद्दल मी इतकंच सांगितलं, की मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवता येतात, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये संशोधनाचा आढावा घेऊन मांडलं आहे.

तिने हातातल्या वहीकडे पाहिलं. "पण स्लाइड काढून घेतल्या तर मी बोलू काय? आणि लोकांना वाटेल, हिने काही कामच केलेलं नाही."

हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. तिच्या स्लाइडवर तीन कामं एकमेकांत मिसळली होती: तिला आठवण करून देणं, समोरच्यांना दाखवणं आणि नंतरसाठी नोंद ठेवणं. आठवणीसाठी आम्ही तळहाताएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत सात-आठ शब्द लिहिले. सगळे आकडे दोन पानांच्या टिपणात गेले. ते टिपण बोलणं संपल्यावर वाटायचं, कारण आधी वाटलं की सगळे खाली मान घालून तेच वाचत बसतात. आता पडद्यावर राहिलं ते फक्त पाहण्याजोगं.

पाहण्याजोगं म्हणजे काय, यावर आमचे दोन तास गेले आणि मला ते फार आवडले. "तक्रारींचे विश्लेषण" हे तिचं शीर्षक आम्ही खोडलं. त्याजागी आलं, "सांडणारी पाकिटं एकाच यंत्रातून येतात." आता शीर्षकच मुद्दा सांगतं आणि खालचं चित्र त्याचा पुरावा देतं. ८४ आकड्यांच्या जागी चार उभे स्तंभ आले, तीन करडे आणि एक गडद निळा. आधी तिने लाल-हिरवे घेतले होते. लाल-हिरवा फरक नीट न दिसणारे पुरुष खोलीत असू शकतात, युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर हे प्रमाण साधारण १२ जणांत एक इतकं आहे, म्हणून रंग बदलला. रंगांचा अर्थ सांगणारी कोपऱ्यातली चौकट काढून यंत्रांची नावं थेट स्तंभांखाली लिहिली. मग स्लाइड पडद्यावर लावून ती खोलीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथून न वाचता येणारी अक्षरं मोठी केली किंवा सरळ उडवली.

दुसरा प्रश्न अवघड होता. पडदा रिकामा झाला की आपण उघडे पडतो, ही भीती समजुतीने जात नाही, ती अनुभवानेच जाते. म्हणून आम्ही पायरीपायरीने गेलो. आधी माझ्यासमोर दोन स्लाइड मजकुराविना, मग दोन मैत्रिणींसमोर पाच. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना की-बोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. मी तिला मुद्दा सांगताना 'बी' दाबायला लावलं. पहिल्यांदा तिचा हात थरथरला. पडदा काळा झाल्यावर दोन्ही मैत्रिणींनी एकदम तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचीच तर तिला भीती होती! पण ती बोलत राहिली. चौथ्या-पाचव्या वेळी ती स्वतःहून पडदा काळा करायला लागली.

दृश्य साधन म्हणजे फक्त स्लाइड नव्हे, हे पटवायला मी तिला रिचर्ड फाइनमन यांची गोष्ट सांगितली. चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी आयोगाच्या ११ फेब्रुवारीच्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी यानाच्या सांध्यात वापरतात त्या रबराचा तुकडा छोट्या शिकंजात आवळला आणि बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. बाहेर काढून शिकंजा सैल केला, तर रबर लगेच मूळ आकारात येईना. थंडीत सांधा का निकामी झाला, ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

ती दुसऱ्या दिवशी कामावरून दोन पाकिटं घेऊन आली, एक चांगलं आणि एक त्या यंत्रातलं. "दाबून बघा." मी दाबलं. एक फुगून घट्ट राहिलं, दुसऱ्यातून हवा निघून गेली. मला त्या कारखान्यातलं काही कळत नाही, पण ते कळलं. एकच सूचना केली. वस्तू फिरवत असताना बोलू नको, सगळ्यांनी हाताळली की परत घे, मगच पुढे जा.

यानंतरची एक चूक माझी आहे, ती सांगायला हवी. पुढच्या महिन्यात ती सहा स्लाइड घेऊन गेली. बोलली छान, पाकिटांनी काम केलं. पण शेवटी वरिष्ठांनी आठवड्यागणिक तक्ता मागितला आणि तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. टिपणं अजून वाटायची होती आणि ती गोंधळली. मजकूर काढण्याच्या उत्साहात, समोर बसलेल्यांना निर्णय घ्यायचा आहे हे मी विसरले होते. त्यांना पुरावा उलटसुलट करून पाहण्याचा हक्क आहे. त्यानंतर आम्ही तपशिलाचे तक्ते समारोपाच्या स्लाइडनंतर राखीव ठेवले आणि त्यांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहिले. स्लाइड शोमध्ये क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. तक्ता वाईट नसतो. कुणी विचारल्याशिवाय समोर आला की तो ओझं होतो.

शेवटच्या भेटीला ती जरा उशिरा आली, बैठकीतून थेट. पुन्हा कुणीतरी एक आकडा विचारला होता. आदल्या वर्षाचा, कुठल्याच स्लाइडवर नसलेला.

"मग?"

"मी म्हणाले, माझ्या कागदावर आहे, बघून सांगते. कागद चाळला. चांगली आठ-दहा सेकंद गेली असतील. सगळे थांबले होते." ती पाणी प्यायली. "सांगितला. त्यांनी लिहून घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला."