शंका-समाधान: कवचफळांच्या बागेतल्या खारी

अक्रोड, बदाम, पेकन आणि हेझलनट लावणाऱ्यांच्या पत्रांत या वेळी खारींबद्दलच्या तक्रारी इतक्या आल्या की सदराचा सगळा भाग त्यांनाच दिला आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न: अक्रोडाखाली कुरतडलेल्या हिरव्या फळांचा सडा पडलेला असतो. कोणी खार म्हणते, कोणी उंदीर. नक्की कसे ओळखावे?

आधी वेळ पाहा. झाडावरची खार दिवसा वावरते. उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि ऊन उतरल्यानंतरचा काळ तिचा. रात्री फिरते ती फक्त उडणारी खार. संध्याकाळी झाडाखालचा कचरा झाडून घ्या आणि पहाटे अंधारातच बॅटरी घेऊन पाहा. तेवढ्यात नवा सडा पडला असेल तर बहुधा उंदीर, उजाडल्यावर पडला तर खार किंवा पक्षी.

मग कवच हातात घ्या. सरावलेली खार हेझलनट उभे फोडते, दोन वाट्या वेगळ्या होतात. उंदीर कवचाला गोल भोक पाडून गर कोरून खातो आणि भोकाच्या कडेला दातांच्या बारीक समांतर रेघा दिसतात. पक्ष्याने टोचलेल्या कवचाला ओबडधोबड भोक असते, रेघा नसतात. आणखी एक खूण म्हणजे सोललेल्या हिरव्या सालीचा चुरा एकाच जागी साचलेला असतो. खार ठरलेल्या बेचक्यात बसून खाते. त्या चुऱ्यावरून सरळ वर पाहिले तर तिची जागा सापडते आणि बऱ्याचदा तिथे येण्याची वाटही.

बागेत ताजी बिळे दिसत असतील तर ती जमिनीतल्या खारीची असू शकतात. तिचा बंदोबस्त बिळाशी करावा लागतो. पुढची उत्तरे झाडावरच्या खारींसाठी आहेत.

प्रश्न: नारळाला उंदरांसाठी मारतात तसा पत्रा अक्रोडांच्या खोडांना मारला. खारी तरीही झाडावर आहेतच. काय चुकले असेल?

बहुतेक वेळा पत्रा ठीक असतो, वाट दुसरीकडून असते. खार जमिनीवरून सरळ वर ४ ते ५ फूट उडी घेते, आडवी ८ ते १० फूट, आणि उंचावरून खाली झेप घेताना याहूनही लांब जाते. म्हणून १० फुटांचा बांबू घेऊन झाडाभोवती एक फेरी मारा. झाडाच्या घेरापासून बांबूच्या टप्प्यात जे येईल तो पूल समजा: शेजारच्या झाडाची फांदी, विजेची तार, शेडचे छप्पर, फळांच्या भाराने जमिनीकडे झुकलेली फांदी, तिला दिलेला टेकू. काढणीची शिडी झाडाला टेकवून ठेवलेली असेल तर पत्र्यावरचा खर्च वायाच गेला.

आता पत्र्याकडे. रुंदी निदान २ फूट हवी आणि खालची कड जमिनीपासून ६ फुटांवर. रुंदी कमी असली तर खार ती ओलांडून वरची साल धरते. पत्रा गुळगुळीत हवा, पन्हाळी चालत नाही. खिळे ठोकू नका; त्या जखमांतून रोग शिरतो आणि खोड वाढले की पत्रा साल कापत आत रुततो. दोन्ही टोके एकमेकांवर ४ इंच चढवा, त्यांना भोके पाडून तार आणि स्प्रिंगने ओढून बांधा, म्हणजे खोड जाड होईल तसा पत्रा सैल होत जाईल. भेगाळ सालीच्या जुन्या झाडावर पत्र्यामागे फट राहते आणि लहान चणीची खार त्या फटीतून सरळ वर सरकते. तिथे बारीक जाळीचा बोळा दाबून भरा. फोम भरू नका, ती कुरतडून काढते.

जास्त चुकते ते मात्र यानंतर. ओळीतल्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडले असतील तर ती सगळी ओळ म्हणजे एकच झाड. वीसपैकी एकोणीस खोडांना पत्रा आणि एक मोकळे, तर पत्रा कोणालाच नाही असे धरा. अशा बागेत ओळीतल्या प्रत्येक खोडाला पत्रा हवा आणि ओळीची दोन्ही टोके, शिवाय बांधावरची झाडे, छाटून १० फुटांचे अंतर राखायला हवे. छाटणीने हे जमणार नसेल तर पत्र्याचा नाद सोडून खालचे उत्तर वाचा.

पत्रा बांधायची वेळ गर भरायला लागण्याआधीची. बांधण्यापूर्वी झाडावर पानांचे घरटे नाही ना, हे पाहून घ्या, नाहीतर खार वरच कोंडली जाईल. गर्भकाळ साधारण सहा आठवड्यांचा आणि पिल्ले त्यानंतर दोन-अडीच महिने आईवर अवलंबून असतात. म्हणून घरटी काढायची तर पिल्ले बाहेर पडल्यावरच. हंगाम संपला की पत्रा उतरवा. मागे ओल साचून साल कुजते आणि किड्यांना आयता आडोसा मिळतो.

प्रश्न: आमचे हेझलनट झुडपासारखे वाढवले आहेत, बदामाची खोडेही जेमतेम तीन फुटांची. पत्रा कुठे बांधणार? जाळी टाकावी की झटका मशीन लावावे?

मोजकी झाडे असतील तर जाळीचा पिंजरा सर्वांत खात्रीचा. पण पक्ष्यांसाठीची नायलॉन जाळी नको. खार ती मिनिटांत कुरतडते आणि लहान खारी, साप, पक्षी तिच्यात अडकून मरतात. १२ मिलिमीटर चौकटीची वेल्ड जाळी घ्या, वरूनही झाका आणि खालची एक फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून मातीने दाबा. बहुतेक पिंजरे दाराच्या फटीमुळे फसतात.

बाग मोठी असेल तर झटका मशीन, पण गुरांसाठी करतात तसे नाही. झटका बसायचा तर प्राण्याचे एक अंग जिवंत तारेला आणि दुसरे अर्थिंगला लागलेले हवे. जमिनीवरून उडी मारून लाकडी खांबावर किंवा नुसत्या तारेवर आलेल्या खारीचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. तिला काहीच होत नाही. म्हणून ३ फूट उंच लोखंडी जाळी लावा, ती अर्थिंगला जोडा आणि तिच्या बाहेरच्या अंगाला २ ते ३ इंच अंतरावर दोन जिवंत तारा इन्सुलेटरवर ओढा, एक मध्यावर आणि एक अगदी वरच्या कडेला. जाळी धरून चढणारी खार तारेला टेकली की वर्तुळ पूर्ण होते.

मशीन कुंपणासाठीच बनवलेले, सेकंदाला एखादा क्षणिक ठोका देणारे हवे. घरातली वीज तारेत सोडणे म्हणजे माणसाचा जीव घेणे आहे, हे वेगळे सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी करतेच. अर्थिंगसाठी ६ फुटांचे तीन रॉड एकमेकांपासून १० फुटांवर ठोका. जमीन कोरडी असेल तर तिथे पाणी घालत राहा. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ३ फूट पट्टा गवताविना ठेवा. ओले गवत तारेला टेकले की विजेचा दाब गळतो. दाब रोज टेस्टरने मोजा. ३००० व्होल्टच्या खाली गेला तर दाट केसांच्या खारीवर परिणाम उरत नाही. आणि हे सगळे फळे पोसायच्या आधी सुरू करा. एकदा आतली चव लागलेली खार झटका सोसूनही येते.

प्रश्न: अल्ट्रासाउंड यंत्र, डांबराच्या गोळ्या, मिरचीची फवारणी, नकली घुबड यांपैकी काय चालते?

यंत्र नाही. गोळ्या अजिबात नाहीत. त्यांची वाफ विषारी आणि तेलकट गर बाहेरचे वास पटकन धरतो. नकली घुबडाला खारी थोड्याच दिवसांत ओळखतात, शिवाय बहुतेक घुबडे रात्री शिकार करतात आणि खार दिवसा फिरते. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना नाही, एवढे खरे. पण पावसाने तो धुऊन जातो आणि खार साल सोलून टाकून आतले खाते. मिरची खारी कुरतडतात त्या ठिबकच्या नळ्यांसाठी राखून ठेवा. बागेत मोकळा फिरणारा कुत्रा या चौघांपेक्षा सरस.

प्रश्न: पिंजऱ्यात धरून लांब सोडल्या तर? नाहीतर विषच घालावे का?

धरण्याआधी वनविभागाला किंवा तिथल्या वन्यजीव कार्यालयाला विचारा. अनेक देशांत खार पकडणे आणि हलवणे यांना परवाना लागतो, काही जातींना तर हातही लावता येत नाही. सोडून देणे हा दयेचा मार्गही नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये शहरी भागातून पकडून जंगलात सोडलेल्या ३८ करड्या खारींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांपैकी जवळजवळ सगळ्या तीन महिन्यांच्या आत मेल्या किंवा त्या जागेवरून नाहीशा झाल्या. इकडे बागेत रिकामी झालेली जागा हिंडणाऱ्या तरुण खारी भरून काढतात. वाट उघडी असेल तर पिंजरा कधी रिकामा राहत नाही आणि बागही नाही.

विषाला आमचे उत्तर साफ नाही असे आहे. झिंक फॉस्फाईड पोटात गेले की फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. खार आमिष उचलून दुसरीकडे पुरते, ते कोणाच्या तोंडी जाईल याचा भरवसा नाही. खालून वेचायच्या पिकात तर हा विचारच नको.

प्रश्न: थोडी लवकर काढणी करून नुकसान टाळता येईल का?

येते, आणि पुष्कळ बागांत पत्र्याइतकाच फरक यानेच पडतो. तयार गर झाडावर जितके दिवस लटकत राहील तितके दिवस खारीचे.

अक्रोडाची वेगवेगळ्या उंचीची वीसेक फळे फोडा. गराच्या दोन फाकांमधला पडदा पांढरा असेल तर थांबा; तो तपकिरी झाला की गर तयार. हिरवी साल मात्र तेव्हा फुटलेली नसते, उष्ण हवेत ती फुटायला आणखी बरेच दिवस लागतात आणि खारी नेमक्या याच मधल्या काळात झाड साफ करतात. पडदा तपकिरी होताच काठीने झोडून फळे उतरवा. साल सुटत नसेल तर ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस ढीग झाका, त्याहून जास्त नाही, गर काळवंडतो. हातमोजे घाला, सालीचा डाग आठवडाभर जात नाही. नंतर कवचासह ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. वाळवणाची हवा ४३ अंश सेल्सियसच्या वर नेऊ नका, गर खवट होतो. मधला पडदा वाकण्याऐवजी कटकन मोडला की वाळले.

पेकनमध्ये बाहेरची साल चार फाकांत उकलली की थांबू नये. बदामाची साल शेंड्याकडे आणि बाहेरच्या फांद्यांवर आधी फुटते, आत उशिरा; एकदम काढण्यापेक्षा वरचा भाग आधी झाडून घ्या. हेझलनट बोटाने फिरवून पाहा, पानांच्या वाटीत सहज फिरले तर तयार. पहिल्यांदा आपोआप गळणारी फळे पुष्कळदा पोकळ असतात आणि खार वजनावरून ती ओळखून सोडून देते, तेव्हा खाली उरलेल्या ढिगावरून पीक वाचले असे समजू नका. वाळवणाच्या ताटांवरही जाळी हवी.

प्रश्न: रोपवाटिकेत पेरलेले अक्रोड उकरून नेतात.

ताजी उकरलेली माती आणि सालीचा वास खारीला बोलावतो. बी धुऊन, साल पूर्ण काढून पेरा आणि वाफा सपाट करा. वाफ्यावर १२ मिलिमीटर जाळीची चौकट मातीपासून ६ इंच उंच ठेवा, कडा ६ इंच गाडा. अंकुर वर आला म्हणून लगेच जाळी काढू नये. बियातला गर अजून मातीत असतो आणि खार त्यासाठी कोवळे रोपटे उपटते. रोपे जाळीला टेकली तर चौकट उंच करा. खालचे बी रिकामे झाल्यावरच ती उचला.