वाचकांचे प्रश्न : पिकअपच्या केबिनमागची संरक्षक जाळी

प्रश्न : अक्कलकोट रोडवर आमचे पाइप, अँगल आणि पत्र्याचे दुकान असून माल पोचवण्यासाठी एक पिकअप आहे. मोहोळच्या अलीकडे उसाची ट्रॉली अचानक आडवी आल्याने चालकाने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा हौद्यातले जीआय (जस्ताचा मुलामा असलेले लोखंडी) पाइप पुढे सरकून केबिनची मागची काच फोडून आत आले. चालक थोडक्यात वाचला. आता केबिनमागे जाळी बसवायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, की केबिन आणि हौदा दोन्हींना वेल्डिंग मारू, म्हणजे हलणार नाही. काहीजण ॲल्युमिनियमची तयार फ्रेम सुचवतात. आम्ही काय करावे?
– एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : चालक सुखरूप आहे हे वाचून बरे वाटले. जाळी अवश्य बसवा, पण ती केबिनला मुळीच जोडू देऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) वेगवेगळे बसवलेले असतात, आणि खड्ड्यातून गाडी जाताना चेसिसला पीळ बसला की दोन्ही आपापल्या परीने हलतात. दोघांना एकाच लोखंडाने जखडले, तर वेल्डिंगच्या कडेने केबिनचा पत्रा तडकू लागतो. त्याहून वाईट म्हणजे, जो जोर अडवण्यासाठी जाळी बसवायची तोच जोर केबिनवर जातो. म्हणून जाळी फक्त हौद्यावर उभी राहावी आणि तिच्यात व केबिनमध्ये तीन-चार बोटांचे अंतर असावे.

हा जोर किती असतो, याचा अंदाज प्रत्येक मालवाहतूकदाराला हवा. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात जोरदार ब्रेकच्या वेळी पुढे जाणारा जोर मालाच्या वजनाच्या ०.८ पट धरतात. म्हणजे ८०० किलो पाइप असतील, तर सुमारे ६४० किलोचा रेटा पुढे येतो. हा हिशेब माल जाळीला टेकलेला असतानाचा आहे. पाइपांची टोके आणि जाळी यांच्यात हातभर मोकळी जागा राहिली, तर पाइप वेग घेऊन आदळतात आणि तो दणका कितीतरी मोठा असतो. समोरासमोरच्या धडकेत तर चांगली जाळीही एकटी पुरी पडणार नाही. माल जागेवर धरून ठेवण्याचे काम माल बांधायच्या पट्ट्यांचे आहे आणि जाळी हा त्यानंतरचा बंदोबस्त आहे. गोल, तेलकट पाइपांवरून नुसता दोर टाकून भागत नाही, कारण मधले पाइप जुडीतून सुळकन निसटतात. रॅचेटच्या (दांड्याने आवळत नेण्याच्या) पट्ट्याचा एक पूर्ण वेढा जुडीभोवती घ्यावा, मगच टोके हौद्याच्या कड्यांना ताणावीत, आणि असे निदान दोन पट्टे असावेत.

आपल्या मालासाठी मी लोखंडच सुचवेन. ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते हे खरे, पण वेल्डिंगजवळ त्याची ताकद घटते, लोखंडाला टेकून ओलाव्यात राहिले की ते खराब होऊ लागते, आणि वाकले तर वाटेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत नाही. शिड्या किंवा हलके सामान नेणाऱ्याने ती फ्रेम खुशाल घ्यावी. आपण ५० बाय ५० मिमीचा, ३ मिमी जाडीचा बॉक्स पाइप घेऊन चार उभे खांब करावेत. हा पाइप मीटरला सव्वाचार-साडेचार किलो भरतो, तेव्हा तळाच्या पत्र्यासकट जाळी पन्नास किलोच्या पुढे जाईल. तेवढा माल कमी भरावा लागेल, हे लक्षात ठेवावे.

जाळीच्या छिद्रांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. अर्ध्या इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी असतो. त्याहून मोठे छिद्र असेल, तर जाळी असूनही पाइप आरपार जाईल, आणि ८ मिमीची सळी तर बहुतेक जाळ्यांतून जाते. म्हणून हौद्याच्या तळापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत ३ मिमीचा अखंड पत्रा लावावा आणि त्याच्या वर, चालकाला मागचे दिसावे यासाठी, बारीक जाळी ठेवावी. पत्र्याच्या उंचीपेक्षा वर पाइप किंवा सळई रचू नये.

बसवताना खांबांखाली ८ ते १० मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या घेऊन त्या हौद्याच्या तळाखालच्या आडव्या चॅनेलवर येतील अशा ठेवाव्यात. नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला, तर तो एके दिवशी पत्रा फाडून वर येईल. म्हणून खालूनही तेवढीच जाड पट्टी, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) १२ मिमी बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) नट वापरावेत. जोर जितका वर बसेल तितका खांबाच्या बुडाशी ताण वाढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना मागे तिरके टेकू हवेतच. माल पुढे रेटू लागला की हे टेकू ओढले जातात, म्हणून त्यांच्या मागच्या टोकाचे बोल्टही तितकेच भक्कम असावेत. चेसिसच्या लांब चॅनेलला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. ड्रिल चालवण्याआधी खाली वाकून ब्रेकचे पाइप, वायरिंग आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते पाहावे. जाळीचे सगळे वेल्डिंग गाडीबाहेर करून घ्यावे, कारण बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत बॅटरी आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची) जोडणी न काढता वेल्डिंग केले, तर ईसीयू जळू शकतो. भोकांच्या कडांना रेड ऑक्साइड लावावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवी जोडणी बसताना थोडी सैल होतेच.

वीस फुटी पाइपांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगणे भाग आहे. पिकअपच्या हौद्यात ते मावत नाहीत, म्हणून ते जाळीवर तिरके टेकवून केबिनच्या पुढे काढण्याची पद्धत पडली आहे. जाळी कितीही भक्कम असली, तरी त्याने हा माल कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे. पाइप दुकानातच कापून द्यावेत किंवा मोठी गाडी करावी. जाळीची नोंद विमा कंपनीकडे लेखी करावी, आणि याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर मर्यादा असल्याने काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात रेखाचित्र दाखवून विचारावे.

प्रश्न : आम्ही पिकअपमधून चादरी आणि टॉवेलच्या गाठी नेतो. आम्हालाही अशी जाळी लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एवढी जड जाळी लागणार नाही. गाठी काच भेदून आत शिरत नाहीत, आणि हौदा पुढून मागेपर्यंत गच्च भरला, तर त्या सरकतही नाहीत. हौद्याच्या पुढच्या फळीपेक्षा वर थर लावत असाल, तरच त्या उंचीपर्यंत हलकी चौकट आणि जाळी बसवून घ्यावी. ताडपत्री घासून फाटू नये म्हणून चौकटीचे कोपरे गोल करून घ्यावेत.