शेवट ठाऊक असलेले काका

प्रश्न : आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बारा जण जमतो आणि जुन्या, गाजलेल्या रहस्यकादंबऱ्यांवर बोलतो. अडचणी दोन. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी हे सगळं तरुणपणीच वाचलंय. गेल्या वेळी ॲगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर बोलायला बसलो आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात खुनी कोण ते सांगून टाकलं. तिघींचं पुस्तक अर्ध्यावर होतं, त्या आता यायला तयार नाहीत. काकांनाही दुखवायचं नाही, हा गट त्यांनीच जमवला. दुसरी अडचण प्रतींची. दोन-तीन प्रतींत बारा जणांनी महिन्याभरात वाचायचं कसं?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, मी सत्तावीस वर्षं ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर होते. एका सभासदानं रहस्यकादंबरीच्या विसाव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हाच खुनी', आणि एका नावाकडे बाण काढला होता. मी ते खोडरबरानं पुसलं, पण पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की अक्षरांचे वळ राहिलेच. शेवटी समासावर कागदाची पट्टी चिकटवली. तरी ते पुस्तक कुणाला देताना मला दर वेळी अपराधी वाटायचं, कारण पट्टी दिसली की माणूस ती उचकटून बघणारच. एका रहस्यकथेत फसायला मिळतं ते एकदाच. ते दुसऱ्या कुणी हिरावून घ्यायचं नसतं. तुमच्या तिघी रागावल्या ते योग्यच आहे, आणि हे काकांना सांगायला हवं. मात्र गटात नको, त्यांच्या घरी जाऊन, चहा घेताना सांगा.

पण काकांना नुसतं 'बोलू नका' म्हणून भागणार नाही. ज्याला शेवट ठाऊक आहे तोच लेखकाची हातचलाखी पकडू शकतो : कोणती खूण तिसऱ्या प्रकरणातच समोर ठेवली होती, ती कुठल्या गप्पांच्या गडबडीत दडवली, कोणतं वाक्य दोन अर्थांचं होतं. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा, आणि डिटेक्टिव्हला सापडलेली खूण वाचकालाही दाखवावी, हे त्यातले दोन. काकांना वही द्या. लेखक कुठे प्रामाणिक राहिला आणि कुठे नाही, ते पानांच्या आकड्यांसह त्यात टिपून ठेवायला सांगा. वही उघडायची ती मात्र सगळ्यांचं वाचून झाल्यावरच.

आता पुढचं पुस्तक. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' घ्या, अगदी आग्रहानं सांगते. एक तर तिचा हिरा आपल्या शेजारचा : कादंबरीतल्या कथेप्रमाणे तो मूळचा सोमनाथाच्या देवळातला. पुढे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्यानं तो लुटला. इंग्लंडमध्ये एका मुलीला तो अठराव्या वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. दुसरं, ही कादंबरी मुळात सगळ्यांनी तुकड्यातुकड्यांनीच वाचली. १८६८ मध्ये ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट अशी ती डिकन्सच्या साप्ताहिकात बत्तीस हप्त्यांत आली. पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नसलेल्या आठवड्यांमध्ये लोक किती तर्क लढवत असतील! तेच तुम्हाला करायचं आहे.

ही गोष्ट एकेक जण सांगतो, आणि ज्यानं जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो. म्हणून तोडायच्या जागा आयत्याच आहेत. पहिल्या महिन्यात फक्त बेटरिज, त्या घरचा म्हातारा कारभारी. भाग मोठा आहे, पण माणूस इतका गप्पिष्ट आणि लाघवी की पानं जड होत नाहीत. दुसऱ्या महिन्यात मिस क्लॅक आणि वकील ब्रफ. फ्रँकलिन ब्लेकचं निवेदन सुरू होण्याआधी थांबा, अगदी एक पानही पुढे नको. त्या रविवारी प्रत्येकानं चिठ्ठीवर चोराचं नाव आणि एक कारण लिहून डब्यात टाकावं. नुसतं नाव चालणार नाही. कारण लिहायचं म्हटलं की माणूस मागची पानं पुन्हा चाळतो, आणि खरी चर्चा तिथेच पेटते. उरलेलं सगळं तिसऱ्या महिन्यात.

प्रतींचं उत्तरही यातच आहे. कॉलिन्स १८८९ मध्ये वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो, तेव्हा ही कादंबरी कधीच मोकळी झाली आहे. इंटरनेटवरून उतरवून प्रिंट काढा आणि रावपुऱ्यातल्या एखाद्या बाइंडरकडून प्रत्येक महिन्याच्या भागाची वेगळी वही शिवून घ्या. पुढची वही मागच्या बैठकीनंतरच हातात पडेल. शेवटच हाताशी नसला की तो फुटणार कसा? ख्रिस्तीच्या बाबतीत मात्र असं करू नका. ती १९७६ मध्ये गेली, तिचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. तिथे प्रत कापडी पिशवीत घालून, आत नावं आणि तारखांचं कार्ड ठेवून फिरवा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावलं, आणि मग या संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. तुमची पिशवी तर फक्त दांडिया बाजार ते मांडवी एवढीच जायची आहे. चार दिवसांचा नियम करा, पाचव्या दिवशी फोन करा.

एक सांगायचं राहिलं. इंग्रजी आवृत्त्यांच्या सुरुवातीला विद्वानांची प्रस्तावना असते आणि तीत बऱ्याचदा सगळं उघड केलेलं असतं. ती पानं वहीत शिवूच नका, शेवटी वाचायला वेगळी ठेवा.

त्या तिघींना पहिली वही घरी नेऊन द्या, काकांनाच पाठवा. आणि तिसऱ्या महिन्यात कादंबरीची अगदी शेवटची दोन-तीन पानं कुणी घरी वाचू नयेत. ती बैठकीत काकांना मोठ्यानं वाचू द्या. बडोद्यात बसून ती पानं ऐकताना काय वाटतं, ते मला जरूर लिहून कळवा.